सोसायटीच्या ग्रुपवरील राजकीय चर्चेची बंदी मागे घ्या : नवी मुंबईतील व्यवस्थापक समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समिती सदस्य,
नवी मुंबईतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन

विषय : रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय चर्चेस घातलेली बंदी उठवून चर्चेचे नियम सर्वसाधारण सभेत ठरवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

नेरूळमधील एका गृहनिर्माण संस्थेची सभासद या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. परंतु ते केवळ माझ्या संस्थेच्या समितीला उद्देशून नाही. वाशी, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, बेलापूर अशा बहुतेक नोडांमध्ये, म्हणजे सिडकोने वसवलेल्या उपनगरांमध्ये, माझे नातेवाईक किंवा परिचित राहतात आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांच्या ग्रुपवर एकाच आशयाची सूचना आली आहे : या ग्रुपवर राजकीय मजकूर टाकू नये, टाकल्यास तो काढला जाईल आणि पुन्हा टाकल्यास सदस्यालाच ग्रुपमधून काढले जाईल. काही संस्थांनी याच्याही पुढे जाऊन ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहावे अशी व्यवस्था केली आहे. निवडणुकांपुरती म्हणून आलेली ही बंदी महापालिकेची जानेवारीतील निवडणूक आटोपल्यावरही तशीच राहिली आणि आता तिला कायमच्या नियमाचे रूप देणारे ठराव येऊ घातले आहेत. ते मंजूर होण्यापूर्वी माझे म्हणणे सर्वांसमोर असावे, एवढ्यासाठी हे पत्र उघडपणे लिहिले आहे.

समित्यांनी ही बंदी हौसेने घातलेली नाही, हे मी जाणते. २० मे २०२४ रोजी लोकसभेचे, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेचे मतदान झाले. या काळात पक्ष फुटलेले होते, चिन्हांचे वाद न्यायालयात होते, कालचे विरोधक एका व्यासपीठावर आले होते, आणि वर्षानुवर्षे एकाच पक्षाला मत देणाऱ्या घरांतही बापलेकांची मते निराळी झाली होती. त्याचा ताण ग्रुपवर उतरला. रात्री अकरानंतर सुरू झालेला वाद पहाटेपर्यंत चालावा, बोलता बोलता कोणी कोणाच्या जातीवर, मूळ गावावर किंवा नोकरीवर यावे आणि सकाळी दोन्ही पक्षांनी सचिवांच्या दारात तक्रार घेऊन उभे राहावे, हे अनेक इमारतींत घडले आहे. सचिवाला मानधन नसते. टाकीची सफाई, लिफ्टचा करार, वॉचमनच्या पाळ्या, थकबाकीदारांना नोटिसा हे सारे स्वतःची नोकरी सांभाळून करणाऱ्या माणसाने वैतागून एकदा ‘हे सगळे बंद’ असे म्हटले, तर त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. माझा आक्षेप त्या वैतागातून निघालेला उपाय कायमचा करण्याला आहे.

बंदीनंतर ग्रुपवर काय उरते, ते एकदा शांतपणे पाहावे. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा उरतात. सणावाराला इच्छुकांचा आणि त्यांच्या वरिष्ठांचा फोटो असलेली शुभेच्छापत्रे उरतात, कारण ती ‘राजकीय’ मानली जात नाहीत. गटाराच्या झाकणाचे काम अमुक यांच्या प्रयत्नांतून पूर्ण झाले, असा सचित्र मजकूर उरतो, कारण ती ‘माहिती’ असते. मात्र त्याखाली कोणी विचारले, की हे काम कोणत्या निधीतून झाले, निविदा किती रुपयांची होती, मागच्याच वर्षी इथे खोदून पुन्हा डांबर का टाकले होते, तर तो प्रश्न ‘राजकारण’ ठरून काढला जातो. अशा रीतीने बंदी सर्वांवर सारखी पडत नाही. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याची जाहिरात चालू राहते आणि ज्याच्याकडे केवळ प्रश्न आहे तो गप्प होतो. समितीचा हेतू असा नसेल, नाहीच. पण नियमाचा परिणाम असा होतो आणि समितीने उत्तर द्यायचे असते ते परिणामाचे.

या बंदीने आपले प्रत्यक्ष नुकसान कसे केले, याचे सर्वांत ठळक उदाहरण जानेवारीतील निवडणुकीचेच आहे आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. नवी मुंबई महानगरपालिकेची त्याआधीची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली होती. त्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. महापालिकेची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो. प्रत्यक्षात आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद, मग प्रभागरचनेतील फेरबदल अशी कारणे एकामागून एक येत गेली आणि साडेपाच वर्षांहून अधिक काळ आपल्या शहराचा कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांच्या हाती राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे चक्र फिरले. या मधल्या काळात अर्थसंकल्पावर सभागृहात एकाही निवडून आलेल्या माणसाने प्रश्न विचारला नाही. जी मुले २०१५ मध्ये आठ-नऊ वर्षांची होती, ती या वेळी पहिल्यांदा मतदार झाली आणि आपल्या शहराचे सभागृह चालताना त्यांनी कळत्या वयात जवळजवळ पाहिलेलेच नव्हते.

शिवाय या वेळी मतदानाची पद्धतच बदलली होती. २०१५ मध्ये १११ प्रभाग आणि १११ नगरसेवक होते. एका प्रभागाचा एक नगरसेवक, त्यामुळे नळाला पाणी आले नाही तर कोणाला फोन करायचा हे ठाऊक असे. जानेवारीत नगरसेवक तेवढेच राहिले, प्रभाग मात्र २८ झाले. त्यांतील २७ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. म्हणजे बहुतेकांना एका वेळी चार मते द्यायची होती, जागांना निरनिराळी आरक्षणे होती आणि प्रभागाची हद्द दोन-तीन सेक्टर ओलांडून गेलेली होती. आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ बाईंनी साधा प्रश्न विचारला : चारही ठिकाणी बटण दाबावे लागते का, आणि एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर काय करायचे? हा प्रश्न काही मिनिटांत ‘राजकीय’ म्हणून काढला गेला. त्या बाईंना उत्तर शेवटी मिळाले ते दारावर प्रचाराला आलेल्या कार्यकर्त्याकडून, आणि त्याने आपल्या पॅनेलचे चार क्रमांक लिहिलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. शेजाऱ्यांनी एकमेकांना निःपक्षपातीपणे सांगता आली असती अशी माहिती उमेदवाराच्या माणसाकडून घ्यावी लागणे, ही कोणत्याही संस्थेला भूषणावह गोष्ट नाही.

निवडणूक झाल्यावर प्रश्न अधिकच वाढले आहेत. चार नगरसेवकांपैकी आपल्या इमारतीसमोरच्या पदपथाला उत्तरदायी कोण? चौघेही एकाच पक्षाचे असतील तर ते आपसांत सेक्टर वाटून घेतात का? वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर एकमेकांकडे बोट दाखवतील तेव्हा काय करायचे? याची उत्तरे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत. ती शेजाऱ्यांनी आपले अनुभव एकमेकांना सांगूनच मिळणार आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, ती याच हेतूने : काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसावे आणि आपल्या नगरसेवकाला आपली निकड सांगावी. माझ्या सेक्टरात अशी सभा भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. कायद्याने दिलेली जागा भरत नाही, वाचनालये आणि कट्टे ओस पडले आहेत आणि उरलेली एकुलती एक जागा, म्हणजे आपला ग्रुप, आपणच बंद करत आहोत.

‘महापालिकेपुरते बोला, देशाचे राजकारण नको’ अशी मधली वाट काही समित्या सुचवतात. ती वरवर समंजस वाटते, परंतु नवी मुंबईत ती चालण्यासारखी नाही. आपल्या संस्थेचेच हिशेब घ्या. सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांहून अधिक आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक असेल, तर त्या वर्गणीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. हा कर ठरवणारी परिषद केंद्र आणि राज्यांच्या अर्थमंत्र्यांची आहे. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी, हे सहकार विभागाच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ठरले. आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारती सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या शासनाच्या महामंडळाने, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत आणि ती जमीन मालकी हक्काची व्हावी, ही मागणी मंत्रालयात सुटणार आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला. तशीच माफी आपल्याला हवी असेल तर तिचा ठराव महापालिकेतून शासनाकडे जावा लागतो. रात्री वाशी-कोपरखैरण्याकडे खिडक्या बंद कराव्या लागतील असा रसायनांचा वास येतो, तेव्हा तक्रार ज्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची ते राज्याचे आहे आणि ज्या पर्यावरण कायद्याखाली करायची तो संसदेचा आहे. यातले ‘स्थानिक’ कुठे संपते आणि ‘राजकीय’ कुठे सुरू होते, हे ठरवण्याचे काम आपण एका ॲडमिनच्या बोटावर सोपवले आहे.

आणि कांदा. आपल्या शहरात मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार आहे. त्यावर जगणारी हजारो माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली परिसरात राहतात. त्यांच्या कामाला संरक्षण देणारा १९६९ चा माथाडी कायदा ही महाराष्ट्राने देशापुढे ठेवलेली गोष्ट आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये, ऐन लोकसभा निवडणुकीत, उठवली. त्या पाच महिन्यांत एकाच इमारतीत राहणाऱ्या तीन कुटुंबांना त्या निर्णयाचे तीन निराळे अर्थ लागत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहिणीला भाजी स्वस्त झाल्याचे समाधान होते. ज्याची शेती अजून निफाडकडे आहे त्याच्या घरी भाव पडल्याची चिंता होती. बाजारात वाराई-तोलाई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे आणि तोलण्याचे काम, करणाऱ्याला कमी झालेल्या गाड्यांची काळजी होती. दिल्लीतील एका अधिसूचनेचे तीन परिणाम एका जिन्यावर येऊन ठेपतात आणि ते तिघे एकमेकांना काही सांगू शकत नाहीत, कारण विषय ‘राष्ट्रीय राजकारणाचा’ आहे. या तिघांचे बोलणे ऐकायला मिळाले असते, तर मला दूरचित्रवाणीवरील कोणत्याही चर्चेपेक्षा अधिक कळले असते.

नवी मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण नोडमध्ये राहणारे लोक ज्या जमिनीवर राहतो ती ठाणे, पनवेल आणि उरणकडील ९५ गावांची होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातशेती, मिठागरे, खाडीकाठ यांवर हे शहर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकांना परत देण्याची योजना आली. हा इतिहास बाहेरून येऊन फ्लॅट घेतलेल्या अनेकांना ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण तो कोणी त्यांना सांगितलेला नाही. त्यामुळे गावठाणांमध्ये वाढत्या कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा विषय निघाला, की नोडमधील ग्रुपवर ‘अनधिकृत बांधकामे पाडा’ एवढेच एक वाक्य फिरत राहते.

बंदीपूर्वी आमच्या ग्रुपवर हा विषय एकदा निघाला होता. एका सभासदाने कडक भाषेत लिहिले, की आम्ही कर्ज काढून कायदेशीर घर घ्यायचे आणि यांनी भूखंडाला भूखंड लावून मजले चढवायचे, पाणी मात्र दोघांना सारखेच. त्याला उत्तर दिले आमच्याच संस्थेतील एका प्रकल्पग्रस्त कुटुंबातील शिक्षकाने. गावठाणाच्या हद्दी वेळेवर वाढवल्या गेल्या नाहीत, साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायला अनेकांना दशके थांबावे लागले, तोवर घरातल्या मुलांची लग्ने झाली आणि छताखाली जागा उरली नाही, हे त्यांनी न चिडता, क्रमाने मांडले. भाड्यासाठी उभारलेल्या इमारती आणि राहण्यासाठी वाढवलेली घरे यांत त्यांनी स्वतःच फरक केला. पहिल्या सभासदाचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पाणी आणि मलनिःसारणावरील ताणाचा त्यांचा मुद्दा खरा होता आणि तो शिक्षकांनीही मान्य केला. पण त्यानंतर ‘यांनी’ हा शब्द ग्रुपवर कमी झाला. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी २४ जून २०२१ रोजी सिडको भवनावर एवढी माणसे का जमली होती, हेही त्या संभाषणानंतर काहींना समजले. आज तो विमानतळ सुरू झालेला आहे, नामकरणाचा विषय निघतो तेव्हा गावातले आणि नोडमधले लोक अजूनही वेगवेगळ्या खोल्यांत बोलतात, आणि आमच्या संस्थेत जी एक खोली दोघांना सामाईक होती तिला आता कुलूप आहे.

समित्यांना कायद्याची भीती वाटते, ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही. ‘कोणी काही लिहिले तर ॲडमिनला आत टाकतील’ हे वाक्य मी अनेक सचिवांच्या तोंडून ऐकले आहे. या भीतीला आपल्या जिल्ह्यातच कारण घडले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदबद्दल फेसबुकवर एका तरुणीने मत लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते पसंत केले आणि दोघींना पालघरमध्ये अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. परंतु त्या घटनेचा शेवटही तितकाच माहीत असायला हवा. तिच्यामुळे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा ठरवणारे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की ग्रुपवरील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. गुन्हा ठरतो तो समाजांत वैर पसरवण्याचा, धमकीचा, बदनामीचा. महापौरांच्या किंवा पंतप्रधानांच्या धोरणावर शेजाऱ्याने सभ्य शब्दांत टीका करणे हा गुन्हा नाही. तो घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. त्याच अनुच्छेदाने आपल्याला सहकारी संस्था स्थापन करण्याचाही हक्क दिला आहे.

खरी भीती बाळगायची तर ती दुसऱ्या एका गोष्टीची बाळगली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. त्यानंतरच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. राईनपाड्यातील त्या पाच जणांचा जीव कोणाच्या राजकीय मताने गेला नाही. पडताळणी न करता पुढे ढकललेल्या मजकुराने गेला. आणि अशा मजकुराला आपल्या बंदीचा अडसर जवळजवळ नाही. संशयित फेरीवाल्याचा फोटो, घरकाम करणाऱ्या बाईचे आधार कार्ड, विशिष्ट धर्माच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाबद्दलची ‘सावधानतेची सूचना’ हे सगळे ‘सुरक्षा’ म्हणून ग्रुपवर राहते. अमुक समाजाला फ्लॅट भाड्याने देऊ नका, असे सुचवणारा मजकूर ‘संस्कृती’ म्हणून राहतो. हिंदी सक्तीच्या शासन निर्णयावरून गेल्या वर्षी वाद पेटला होता तेव्हा भाषेवरून शेजाऱ्याला हिणवणारे विनोद राहिले, पण पहिलीपासून तिसरी भाषा मुलांना झेपेल का, हा एका आईचा प्रश्न मात्र काढला गेला. समितीने कात्री लावायचीच असेल तर ती या ठिकाणी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून माझी विनंती बंदीच्या जागी नियम आणण्याची आहे, आणि ते नियम ॲडमिनने नव्हे तर सर्वसाधारण सभेने ठरवावेत. पाणी, वीज, लिफ्ट, सभेची सूचना यांसाठी फक्त समिती लिहील असा वेगळा ग्रुप असावा, हे मला पूर्ण मान्य आहे. आजारी माणसाला रुग्णवाहिकेचा क्रमांक शोधताना शंभर मेसेज ओलांडावे लागू नयेत. त्याशिवाय ज्याला इच्छा असेल त्याने यावे असा चर्चेचा दुसरा ग्रुप संस्थेच्या नावाने आणि सभेच्या नियमांखाली चालावा. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवायचा असेल तर तो कुठून आला आणि आपल्याला त्याबद्दल काय म्हणायचे आहे, हे सोबत लिहावे. माझा अनुभव असा आहे, की एवढ्या एका अटीने निम्मे भांडण थांबते, कारण फॉरवर्ड करणारा आपण त्या मजकुराचे उत्तरदायी नाही असे समजतो आणि स्वतः लिहिणारा तसे समजू शकत नाही. धर्म, जात, भाषा, मूळ गाव यांवरून शेजाऱ्याला बोलणे चालणार नाही. पक्षाची जाहिरात, मग ती सणाच्या शुभेच्छांच्या रूपात असली तरी, चालणार नाही. मेसेज काढला तर का काढला ते दोन ओळींत सांगावे आणि सभासदाला त्याविरुद्ध समितीकडे दाद मागता यावी. रात्री दहा ते सकाळी सहा ग्रुप बंद ठेवायला माझी हरकत नाही. रागाच्या भरात सुचलेले वाक्य सकाळपर्यंत बहुधा लिहिण्यासारखे उरत नाही.

या ग्रुपमध्ये भाडेकरूंनाही स्थान असावे, हा मुद्दा मी आग्रहाने मांडते, कारण तो नेहमी मागे पडतो. भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो, हे खरे. संस्थेच्या ठरावावर त्याला मत नाही, हेही खरे. परंतु ज्याचे नाव इथल्या मतदार यादीत आहे तो आपल्याच प्रभागाचे चार नगरसेवक निवडतो, आपल्याच बसथांब्यावर उभा राहतो आणि त्याची मुले आपल्याच मुलांबरोबर शाळेत जातात. शहराच्या प्रश्नांवर त्याला मतपेटीत स्थान आणि जिन्यावरच्या संभाषणात मात्र स्थान नाही, ही विसंगती दूर करणे समितीच्या हाती आहे.

ऑनलाइन बोलण्याला प्रत्यक्ष भेटीची जोड असावी, हेही मला सुचवायचे आहे. तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, संस्थेच्या कार्यालयात किंवा गच्चीवर रहिवाशांनी बसावे आणि प्रभागातील चारही नगरसेवकांना एकाच वेळी बोलवावे. एकेकाला वेगळे बोलावल्यास तो दुसऱ्याचे नाव सांगेल. चौघे एकत्र असतील तर पदपथ कोणाचा, हे तिथेच ठरेल. शेजारच्या पाच-सहा संस्थांनी मिळून असे केले, तर तीच आपली क्षेत्रसभा होईल आणि कायद्यातील क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरवा, अशी मागणी महापालिकेकडे करण्याचा अधिकारही आपल्या बोलण्याला येईल. नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि फ्लेमिंगोंचा आसरा धोक्यात आला, तेव्हा आमच्याकडे त्याची पहिली छायाचित्रे शेजाऱ्यांच्या ग्रुपवरच आली होती. तिथून पत्रे गेली, माणसे तलावाकाठी उभी राहिली, यंत्रणांना दखल घ्यावी लागली. आजचा नियम तेव्हा असता तर सिडकोविरुद्ध लिहिलेला तो पहिला मेसेज टिकला असता का, याचा समितीने विचार करावा.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘रहिवाशांच्या ग्रुपवरील चर्चेचे नियम’ हा स्वतंत्र विषय घ्यावा, त्याचा मसुदा सभासदांना किमान १४ दिवस आधी द्यावा आणि आयत्या वेळच्या विषयांत तो उरकू नये, अशी माझी प्रत्येक समितीला विनंती आहे. माझ्या संस्थेच्या समितीला मी हा विषय लेखी अर्जाने कळवत आहे आणि मसुदा तयार करण्याच्या कामात जी मदत लागेल ती करायला तयार आहे. सभा होईपर्यंत, राजकीय मजकुराच्या कारणावरून ज्या सभासदांना ग्रुपमधून काढले आहे त्यांना पुन्हा सामावून घ्यावे, मग ते कोणत्याही पक्षाचे समर्थक असोत. माझ्या संस्थेत असे तीन सभासद आहेत आणि त्यांपैकी दोघांची मते मला अजिबात पटत नाहीत.

आपली विश्वासू,
नेरूळ येथील एक सभासद